एक कान शेडकडे

मोबाइलमधली एकच गोष्ट जोतीरामआबांना मनापासून आवडायची. पडद्यावर खालून वर बोट ओढलं, की उघडी राहिलेली सगळी ॲप पत्त्यांसारखी एका ओळीत समोर येत. मग एकेक पत्ता वर भिरकावला की तो नाहीसा व्हायचा. रिकाम्या खोलीतला दिवा ते आठवणीनं बंद करत, गळका नळ आवळत, गोठ्याचं फाटक लावून घेत. मोबाइलचंही त्यांनी तसंच धरलं होतं. कुणाच्या हातात द्यायच्या आधी ते तो झाडून लख्ख करून देत.

त्यांची नात राजनंदिनी यावरून रोज भांडायची. तिची नववी संपली होती आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतच मोबाइलवर दहावीचा विज्ञानाचा वर्ग सुरू झाला होता.

"आबा, शाळेतल्या कॉम्प्युटरवर एका बाजूला धडा उघडता येतो, एका बाजूला टिपणं, मागं आणखी चार गोष्टी. हितं टिपणं उघडली की सर गायब. सर आणलं की टिपणं गायब. मोबाइलला बी तसं जमायला पायजे."

"कशाला? तुला डोळं किती हायत?"

"दोन."

"आन दोन्ही एकाच बाजूला बघत्यात. एका येळी एक काम करावं. मानसानं बी आन यंत्रानं बी."

हे सांगताना आबा ओट्यावर बसून चातीवर लोकर कातत होते. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरांचा कळप होता, आणि आबांचंही अर्धं आयुष्य त्याच्यामागंच गेलं. आता कळप नव्हता. भिगवणच्या अलीकडे रस्त्याला लागून थोडा ऊस होता आणि उसापलीकडे कोंबड्यांची नवी शेड. चाती मात्र सुटली नव्हती. तिच्यावर सूत निघालं की हाताला बरं वाटायचं.

शेड सुनेची, राजेश्वरीची. मुलगा शंभूराज लोणी देवकरच्या कारखान्यात कामाला जायचा. शेड उभी करायचा हट्ट तिचाच होता, आणि आत वाढणारी पाखरं ही तिची पहिली खेप. शेड चारी बाजूंनी बंदिस्त. एका टोकाला ओल्या जाळ्या, दुसऱ्या टोकाला पुरुषभर उंचीचे पंखे. मे महिन्यात पंखे थांबले, तर पाखरं आतल्या आत गुदमरायला वेळ लागत नाही. म्हणून तिनं शेडमध्ये एक यंत्र बसवून घेतलं होतं. लाइट गेली किंवा आतली हवा तापली, की घरच्या मोबाइलवर त्याचं ॲप भोंगा वाजवायचं.

त्या दिवशी राजेश्वरीच्या आईचं बारामतीत मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. सकाळी निघताना तिनं साधा फोन पिशवीत टाकला आणि मोठा मोबाइल आबांच्या हातात दिला.

"भोंगा वाजला की जनरेटर चालू करायचा, आबा. बाकी काय बघू नका."

"तू निर्धास्त जा, पोरी."

"तुमच्या जिवावरच चाललीय," ती हसून म्हणाली आणि एसटी गाठायला निघाली.

दुपारी वर्गाची वेळ झाली. राजनंदिनीनं हात पुढं केला. आबांनी बोट ओढलं, एकामागून एक पत्ते वर उडवले आणि स्वच्छ मोबाइल तिच्या हातावर ठेवला.

"घे. आता एकच काम कर."

ती उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसली. सर आरसे आणि भिंगं शिकवत होते. बाहेर ऊन पांढरं झालं होतं. आबांची चाती गरगरत होती, बोटांतून सूत उतरत होतं. मध्येच त्यांची बोटं थांबली. काहीतरी नव्हतं. काय नव्हतं ते त्यांना पटकन उमगेना. सरांचा आवाज होता, रस्त्यावरून ट्रक गेला तोही ऐकू आला होता. उसाकडून रात्रंदिवस येणारी ती जड घरघर तेवढी नव्हती.

"नंदे, पंखं बंद झालं वाटतं."

"न्हाय हो, आबा. भोंगा वाजला असता की."

"घरातली लाइट बघ बरं."

तिनं बटण दाबलं. दिवा लागला नाही. तिनं घाईनं शेडचं ॲप शोधलं. ते बंद होतं, मग भोंगा वाजणार कुठून? तिनं आजोबांकडं पाहिलं.

"मगाशी समदं उडवताना हे बी उडवलं का?"

आबा ओट्यावरून उठले. "व्हय. समदंच उडवलं."

पुढं बोलायला कुणी थांबलं नाही. राजनंदिनी उसाच्या बांधावरून पळत सुटली. आबा मागून जमेल तसे धावले. हातात चाती तशीच होती आणि सुताचा धागा मागं उसाच्या पानांत गुंतत चालला होता, त्याचं त्यांना भान नव्हतं. लाइट कधी गेली असेल? आत्ता, की वर्ग सुरू झाला तेव्हाच? 'तुमच्या जिवावरच चाललीय' हे शब्द त्यांच्या छातीत ठोके देत होते.

त्यांनी शेडचं मोठं दार ढकललं. आतून भट्टीसारखी वाफ अंगावर आली. पाखरं पंख पसरून जमिनीला चिकटली होती, सगळ्यांच्या चोची उघड्या. आवाज असा नव्हताच, नुसती धाप. आबांनी पलीकडचंही दार उघडलं, दोन्ही बाजूंचे पडदे ओढून वर घेतले. बाहेर राजनंदिनीनं जनरेटरची किल्ली फिरवली. तो खोकला आणि गप्प झाला.

"आबा, बंद पडला."

"दम खा. जरा थांब आन परत फिरव. घाई करू नगं."

तिनं श्वास घेतला आणि पुन्हा किल्ली फिरवली. जनरेटर थरथरला, धूर सोडला आणि चालू राहिला. तिनं खटका ओढला. मोठे पंखे आधी आळसावल्यासारखे हलले, मग त्यांची पाती दिसेनाशी झाली. ओल्या जाळ्यांतून थंड वारा आत शिरला.

दोघं दारात उभी राहिली. बराच वेळ काहीच बदललं नाही. मग जाळीजवळच्या एका पाखरानं चोच मिटली. शेजारच्यानं पंख आवरले. एक उठून पाण्याकडं गेलं, त्याच्यामागं दुसरं. पुढच्या रांगेत चिवचिव सुरू झाली आणि वाऱ्याबरोबर ती हळूहळू शेडच्या टोकापर्यंत पोचली.

कोपऱ्यात एक पाखरू मान टाकून पडलं होतं. आबा वाकले. "हे गेलं गं," म्हणत त्यांनी हात घातला, तर त्यानं त्यांच्या अंगठ्याला कडकडून चोच मारली.

"ह्याच्या मायला," आबा म्हणाले आणि तिथंच खाली बसून हसायला लागले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. राजनंदिनीही त्यांच्या शेजारी टेकली. दोघांनी मिळून शेडचा कोपरा न् कोपरा पाहिला. एकही पाखरू दगावलं नव्हतं.

परत येताना बांधावर पसरलेला धागा ती गुंडाळत आली.

"आबा, कळप राखत होता तवा बी सूत काढायचा का?"

"मग? चालता चालता काढायचो."

"आन मेंढरं कोण बघायचं?"

"मीच. बघायचं काय त्यात? पुढच्या मेंढीच्या गळ्यात पितळी घाट असायची. ती वाजतीय तवर समदं ठीक. थांबली की मान वर."

बोलता बोलता आबा स्वतःच थांबले. त्यांनी हातातल्या चातीकडं पाहिलं, मग नातीकडं.

"म्हंजे एक काम न्हवतं म्हणायचं ते."

"पुढं एकच होतं, आबा. मागं एक कान जागा होता. ॲप बी तेच करत होतं."

"आन मी कान कापून मोबाइल तुझ्या हातात दिला." ते थोडं चालले. "पर तुला एका बाजूला सर आन एका बाजूला टिपणं पायजेत, ते मला अजून पटत न्हाय."

"मला बी आता तेवढं नको. टिपणं वहीत लिहीन. मागचा कान तेवढा राहू द्या."

संध्याकाळी राजेश्वरी आली. तिनं पिशवी ठेवायच्या आतच आबांनी सगळं सांगितलं, आपल्या बोटाच्या करामतीसकट. ती तशीच शेडवर गेली. परत आली तेव्हा तिच्या चपलांना भुसा लागला होता आणि चेहरा सैल झाला होता.

"पाखरं दाणं खात्यात," ती म्हणाली. "तुमाला ऐकू आलं नसतं तर?"

"तेच इचारत बसलोय मी मघापासनं."

"चूक माझी बी हाय. एवढं महत्त्वाचं ॲप, त्याला कडी घालायची राहिली." तिनं पत्त्यांची ओळ उघडली आणि शेडच्या पत्त्यावर बोट दाबून धरलं. कोपऱ्यात छोटं कुलूप उमटलं. "आता उडवा बघू समदं."

आबांनी भीत भीत बोट ओढलं. बाकीचे पत्ते उडाले. कुलपाचा एक जागचा हलला नाही. त्यांनी पुन्हा ओढून पाहिलं. नाहीच हलला.

"हे बरं हाय. फाटकाला कडी."

लाइट तोवर परत आली होती. राजनंदिनी शेडकडं गेली, तिनं मुख्य खटका क्षणभर पाडला. ओट्यावर मोबाइल असा केकाटला की आबा दचकून मागं सरले, आणि राजेश्वरी परत आल्यापासून पहिल्यांदा मोकळी हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्गाची वेळ झाली. आबांनी मोबाइल झाडून नातीला दिला. ती वही उघडून बसली. आबांनी चातीला गिरकी दिली, पण सूत सुरू करायच्या आधी विचारलं, "मागं जागं हाय न्हवं?"

"हाय, आबा."

उसापलीकडून पंख्यांची घरघर येत होती. आबांनी ती नीट ऐकून घेतली आणि लोकरीचा पेळू हातात धरला.