दुगुनीतली पाठवणी

दिलदार मास्तरांनी क्लॅरिनेट ओठांना लावला आणि चौथ्यांदा तीच धून सुरू केली. काळी एकच्या खालच्या पट्टीत, अगदी संथ, त्यांचे वडील वाजवायचे तशी. पहिली ओळही पुरी झाली नसेल, तोच समोर बसलेल्या झुंबरबाईंनी हात वर केला.

"ही न्हवं, मास्तर."

"मावशी, पाठवणीला आमी दुसरं काय वाजवतच न्हाय. बाच्या वेळंपासनं हीच येक धून हाय."

"आसंल. पर माझ्या अनसूच्या लग्नात ही न्हवती."

शाहूपुरीतली ती बँडची खोली दुपारची चांगलीच तापली होती. कोपऱ्यात मास्तरांचा धाकटा भाऊ बादशहा ड्रमच्या वाद्या आवळत होता. आवळायचं काही उरलं नव्हतं, तरी आवळत होता.

झुंबरबाई हुपरीहून सकाळच्या एसटीनं आल्या होत्या, एकट्याच. घरी पैंजण घडवण्याचं काम. तीन वर्षांपूर्वी लेकीच्या लग्नाला त्यांनी हाच बँड सांगितला होता. गेल्या श्रावणात ती लेक बाळंतपणात गेली. हे सगळं त्यांनी आल्या आल्या, पाणी पिण्याआधीच सांगून टाकलं होतं, भाजीचा भाव सांगावा तसं.

"फोटू येक हाय," त्या आता म्हणाल्या. "पर त्यात ती मान खाली घालून बसलीया. मला तिचं तोंडच आठवंना झालंय, मास्तर. आईला लेकीचं तोंड आठवू ने व्हय? त्या दिवशी तुमी जे वाजवलं, ते कानात हाय माझ्या. पुरतं न्हाय, पर हाय. ते ऐकलं तर दिसंल, आसं वाटतंय."

"म्हणून दाखवता का जरा?"

"मला कुठलं गाता येतंय! पर पायात बापानं घडवलेलं पैंजण व्हतं. ती चालली ते आसं."

त्यांनी मांडीवर बोटं वाजवली. छन छन, छन छन. उडती, भराभर चाल. तिसऱ्या फेऱ्याला बादशहाचे हात थांबले. त्यानं भावाकडं पाहिलं आणि मास्तरांनी मान खाली घातली.

दोघांनाही तो दिवस लख्ख आठवला. एकाच दिवसाच्या दोन सुपाऱ्या घेतल्या होत्या, दुपारी हुपरी आणि संध्याकाळी उचगाव. जेवणावळी लांबल्या, उचगावचा माणूस ट्रक घेऊन दारात उभा राहिला. मग वरातीचं नाचाचं वाजवणं संपवून श्वासही न घेता ते पाठवणीवर आले होते. पट्टी खाली उतरवायची, ती तशीच वर राहिली. बादशहानं ठेका दुगुन केला, दुप्पट. जी धून वाजवायला पाव तास लागायचा, ती पाच-सात मिनिटांत उरकून मंडळी ट्रकमध्ये चढली होती. पोरीनं आईच्या गळ्यात हात टाकलेले मास्तरांनी पाहिले होते. सुटलेले पाहायला ते थांबले नव्हते.

"मावशी," मास्तर म्हणाले, "धून हीच व्हती. आमी पळवली. उचगावला जायचं व्हतं आमाला. तुमच्या लेकीची पाठवणी आमी नासवली. तुमी काय बी बोला, आमी ऐकून घिऊ."

"बोलले की! तवाच बोलले. म्हैनाभर शिव्या घातल्या तुमास्नी." झुंबरबाई किंचित हसल्या. "आता वाजवा तशीच."

मास्तरांनी पट्टी वर घेतली. बादशहानं न सांगता काड्या उचलल्या. खोली एवढीशी, त्यात ती उडती धून मावेना. रस्त्यावरची दोन माणसं लग्न कुणाचं म्हणून दारात डोकावली आणि बाईंकडं पाहून मागं सरली. मास्तर डोळे मिटून वाजवत राहिले. झुंबरबाईंचे डोळे मात्र उघडे होते.

धून संपली.

"दिसली," त्या म्हणाल्या. "हसत हुती. सगळ्या पोरी रडत जात्यात, हिला रडाय सवडच गावली न्हाय. ठेक्यावर पाय पडाय लागलं तशी लाजली, माझ्या गळ्यात पडली, आन् हसत हसत गाडीत चढली. मी बी हसले तिला बघून. ते इसरलेच हुते बगा मी."

बादशहानं काड्या ड्रमवर ठेवल्या आणि बाहीनं तोंड पुसलं. मास्तरांना वाटलं, आता त्या उठतील. परतीच्या एसटीची वेळ झाली होती. पण त्यांनी पदर नीट केला आणि भिंतीला पाठ टेकली.

"आता ती तुमची पयली वाजवा, मास्तर. सावकाश, सगळी. तवा नुस्ती सासरला गेलती."

दिलदार मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडाला लावला. काळी एकचा सूर त्यांना लवकर लागला नाही.