एका हाताने दिलेला पेला

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पेला आहे. उथळ, दोन कानांचा, आणि फार दमलेला. मला मधोमध तडा गेलाय. गोष्टही तशीच तडकलेली ऐका.

पाचशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या एका बेटावर मला कोरलं. माझा धनी रुअरी, मोठ्या कुळाचा प्रमुख. राजासुद्धा त्याला वचकून असे, कारण रुअरीकडे नावा होत्या. त्या नावा एवनच्या हाती. एवन त्याचा दूधभाऊ. तिथली रीत अशी, की पेला दोन्ही हातांनी द्यायचा, दोन्ही हातांनी घ्यायचा. कट्यारीला हात मोकळा उरत नाही.

राजाचं सैन्य निघाल्याची बातमी आली. रुअरीने भरल्या सभेत मला एवनपुढे धरलं. एका हाताने. डावा हात अंगरख्यात.

"दादा, दुसरा हात कुठंय?"

"पी तू आधी."

"माझ्या आईच्या दुधावर वाढलास, आणि माझ्यासाठी कट्यार?"

"पितोस की नाही?"

एवन प्यायला. मला खाली ठेवून, सगळ्या नावा घेऊन आपल्या गावी गेला. फितूर झाला नाही. नुसता गेला. राजाची माणसं आरामात किनाऱ्याला लागली. रुअरीचे गड गेले, बेटं गेली. राजाने टाकलेल्या तुकड्यावर तो म्हातारा झाला.

थांबा, एक राहिलं. अंगरख्यात कट्यार नव्हती. तो हात थरथरत होता. एकांतात तो मला धरी तेव्हा आतलं सगळं हिंदकळे, म्हणून मला ठाऊक. कुळाने हे पाहिलं तर आपण संपलो, असं त्याला वाटे.

पुढची शतकं सांगायचा कंटाळा येतो. पेटी. जहाज. न्यूझीलंड. माझ्यात कुणाची तरी बटणं. २००४ साली ऑकलंडच्या माउंट रॉस्किलमध्ये, एका गॅरेज सेलमधून, म्हणजे कुणी घरातलं जुनं सामान विकायला मांडलं होतं तिथून, हरीशने मला घरी आणलं. पुण्याहून राहायला आलेली त्याची आई, दमयंतीबाई, माझ्यात लसूण ठेवते.

परवा ओट्यापाशी तिच्या हातून चहा सांडला.

"राहू दे आई, मी पुसतो."

"पूस. पण हरीश, हा हात थरथरतो रे हल्ली. गणपतीपासून."

"आणि आत्ता सांगतेस?"

"सांगितलं ना? ओरडू नकोस."

"ओरडत नाहीये. उद्या सुट्टी टाकतो, जीपीकडे, आपल्या डॉक्टरकडे जाऊ."

"जाऊ. तोवर लसूण तूच सोल."

हे एवढं रुअरीला बोलता आलं नाही.

मित्रांनो, जुन्या लाकडाला अधूनमधून तेल लावा, उन्हात टाकू नका. आणि घरातलं कुणी हात लपवत असेल, तर आधी जवळ बसा. तो हात आपल्या हातात घ्या.