लाल दोऱ्याच्या पुढे दोन बोटं

मोरवेनाने नावेच्या पुढच्या टोकाला, नाळेला, पाय रोवले आणि दोरी पुन्हा ओढली. कप्पी कुरकुरली, खालची साखळी ताठ झाली आणि नाळेतून पुढे गेलेल्या नव्या वाशाचं टोक किंचित पाण्याकडे लवलं.

"बास. दोरा खुंटीला लागला," सुकाणूपाशी बसलेले तिचे वडील डेन्झिल म्हणाले.

दोरीवरचा लाल दोरा ही त्यांची खूण. तो खुंटीशी आला की दोरी बांधायची, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नियम.

"जुना वासा ओकचा होता, बाबा. हा पाइनचा, बारीक. शिडाच्या ओढीने जास्त उचलला जाणार. आधीच जास्त वाकवायला हवा."

"खुणेवर बांध. नाहीतर उद्या सुकाणू मीच धरणार."

उद्यापासून कालवांचा हंगाम. फाल नदीच्या मुखाशी कालवं शिडावरच काढायची. इंजिन लावलं की परवाना गेला. एकोणीस वर्षं मोरवेना वडिलांच्या हाताखाली राबली होती. त्यांची कंबर गेली म्हणून यंदा कुठे सुकाणू तिच्या हाती येणार होतं. तिला ते हवं होतं, फार हवं होतं.

तिने दोरा खुंटीच्या पुढे दोन बोटं ओढला आणि गाठ मारली.

शेजारच्या नावेवरून जेगो ओरडला, "वासा चर्चला निघालाय का गं, मान खाली घालून?"

"तू जात नाहीस ना, म्हणून तो निघालाय."

डेन्झिल हसले नाहीत. त्यांनी नाव खाडीत काढली. बाहेर वारा चांगला होता. मोरवेनाने पुढचं शीड चढवलं. ते भरलं तशी नाव कलली, साखळी करकरली. वाशाचं टोक हळूहळू वर आलं आणि थांबलं. वासा सरळ होता.

"इकडे ये. धर हे."

तिने सुकाणू धरलं. डेन्झिल आधार घेत नाळेपाशी गेले, कण्हत गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी खिशातून चाकू काढला. आता हे दोरी सैल करणार, असं तिला वाटलं. त्यांनी लाल दोरा तेवढा कापला आणि दोरी आता खुंटीला जिथे टेकत होती तिथे पुन्हा बांधला. मग ते तिथेच बसून राहिले, तिच्याकडे पाठ करून.

"उद्या किती वाजता निघायचं?" त्यांनी विचारलं.

ही वेळ आजवर ते सांगत, आणि ती सकाळी दोघांपुरत्या मटण-बटाटा भरलेल्या गरम पेस्ट्या घेऊन धक्क्यावर हजर होई.

मोरवेनाने भरतीचा अंदाज घेतला.

"आठला," ती म्हणाली. "पेस्ट्या तुम्ही आणा."