वेदीपाशी राहिलेली बडगी

मित्रांनो, तुमच्या घरी मिक्सर असेल. मला पाहून तुम्ही म्हणाल, हे लाकडाचं कसलं टोपलं? म्हणा खुशाल, मी रागावत नाही. मी आहे एक जुनी बडगी. आमच्या खानदेशात भाजलेली वांगी ज्या लाकडी भांड्यात ठेचून भरीत करतात, ते भांडं म्हणजे मी. वय झालंय, कडेला एक चीरही गेली आहे. पण मी जे डोळ्यांनी पाहिलं, ते आठवलं की अजून माझा विश्वास बसत नाही.

सोनगीरपासून जवळच आमचं गाव. आग्रा रोड रुंद करायला निघाले तेव्हा कडेचा एक भला मोठा निंब पडला. त्याचं खोड तोताराम आबांनी बैलगाडीत घालून घरी आणलं. वना मिस्त्रीनं ते कोरून कोरून माझं पोट केलं आणि उरलेल्या लाकडाची मुसळी केली. मुसळी म्हणजे ठेचायचा दांडा. आम्ही दोघी एकाच खोडाच्या, सख्ख्या बहिणीच म्हणा ना. शेजारी म्हणायचे, निंबाचं लाकूड, भरीत कडू लागेल. आजवर एकदाही लागलेलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

काय ते हिवाळे होते! कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात हिरवी वांगी भाजायची, आणि मग भागाबाई मला पुढ्यात ओढायची. भागाबाई म्हणजे आबांची बायको. आधी मिरची-लसूण, मग सोललेली गरम वांगी. तिच्या दोन मुलांनी, थोरल्या प्रेमराजनं आणि धाकट्या अभिमननं, आळीपाळीनं मुसळी चालवायची. एक दमला की दुसरा. आबांचं घर ख्रिस्ती. ताटं वाढली की आबा डोळे मिटून प्रार्थना करायचे, आणि अभिमन एक डोळा उघडून भरिताकडे बघायचा. सगळा गाव मला मागून न्यायचा, नावाजायचा. मला तेव्हा वाटायचं, हे असंच चालणार.

आबा देवाघरी गेले आणि भावांचं बिनसलं. कशावरून, ते मला आजही धड सांगता येणार नाही. लोक म्हणतात विहिरीच्या पाण्यावरून. पण पाणी तर दोघांनाही पुरत होतं. चुली वेगळ्या झाल्या. ताटं वाटली, खाटा वाटल्या, आणि शेवटी अंगणात मी आणि मुसळी उरलो. कोणीच मागे हटेना. तेव्हा अभिमन रागानं म्हणाला, "बडगी तुले, मुसळी माले." प्रेमराजही हट्टाला पेटलेला. म्हणाला, "लई जाय." घेऊन जा म्हणे!

मित्रांनो, असली वाटणी तुम्ही कुठं ऐकली आहे का? मुसळीवाचून बडगी म्हणजे काय आणि बडगीवाचून मुसळी म्हणजे काय? पण त्या दिवशी दोघांनाही ते कळलं नाही. मुसळी गावाच्या दुसऱ्या टोकाला अभिमनच्या घरी गेली आणि मी प्रेमराजच्या मागच्या खोलीत, खाटेखाली. माझ्यात कांदे राहिले, मग जुन्या चिंध्या, मग एका कोंबडीनं माझ्यात अंडी घातली. कोंबडीचा मला राग नाही, निदान ती ऊब तरी देत होती.

प्रेमराजची बायको सुलक्षणा भल्या मनाची. तिनं सासूसाठी मिक्सरमध्ये भरीत करून पाहिलं. भागाबाईनं ताट हातानं मागं सारलं. "हाई चटणी शे," म्हणाली. मग हळूच म्हणाली, "मना दोन्ही पोरं एका पंगतमा बसतीन तवय मी भरीत खासू." त्यानंतर तिनं भरिताला हात लावला नाही. हिवाळा यायचा, गावभर वांगी भाजल्याचा वास सुटायचा, आणि ही माउली दुधात भाकरी कुस्करून खायची. ते पाहून माझा जीव तुटायचा.

अभिमननं चर्चमध्ये येणंही सोडलं. पाळकसाहेब घरी आले की प्रेमराजला समजावायचे. प्रेमराजचं एकच उत्तर ठरलेलं, "मना मनमा काहीच नही. मी त्याले कवयच माफ कयं." आणि ते खोटं नव्हतं. खरंच त्याच्या मनात काही नव्हतं. त्यामुळे तो निवांत झोपायचा, आणि भागाबाई कूस बदलत पडायची.

मागच्या हिवाळ्यात हंगामाचा सण आला. या दिवशी आमचे लोक शेतातलं पहिलं पीक देवापुढे आणतात. कोणी दादर ज्वारीची कणसं, कोणी कापूस, कोणी केळीचा घड. प्रेमराजची वांगी त्या साली दृष्ट लागावी अशी आली होती. सुलक्षणाला वाटलं, ही प्लास्टिकच्या टबात काय न्यायची? तिनं मला बाहेर काढलं, घासलं, तेल लावलं. मी वांग्यांनी गच्च भरून, प्रेमराजच्या खांद्यावर बसून चर्चमध्ये गेले. अंगाला ऊन लागलं तेव्हा मला रडू येईल असं वाटलं.

त्या दिवशी पाळकसाहेबांनी जे वचन वाचलं, ते मी आबांच्या तोंडून कितीदा तरी ऐकलं होतं. तू अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथं तुला आठवलं, की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव. आधी जा, भावाशी समेट कर, मग ये. हे वचन ऐकून लोक माना डोलवायचे आणि घरी जाऊन जेवायचे. उठून गेलेला मात्र मी कोणी ऐकला नव्हता.

लोक एकेक करून पुढं आले. प्रेमराजनं मला वेदीपाशी ठेवलं. पण माझ्या काठावरचा त्याचा हात निघेना. मग तो पुटपुटला, "भाऊना मनमा... मना नही, भाऊना मनमा." इतकी वर्षं तो आपलंच मन तपासत आला होता, मित्रांनो. वचन तर दुसऱ्याच्या मनाबद्दल विचारत होतं.

तो सरळ उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पाळकसाहेब, मना अर्पण आठेच राहू द्या. मी येस." येतो, एवढं सांगून चालता झाला. चपलाही घातल्या नाहीत.

पाळकसाहेबांना पुढची उपासना उरकता आली असती. बाहेर काड्यांचा जाळ तयार होता, जेवणाची घाई होती. पण ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आपण थांबू." मग सगळेच थांबले. कोणी गाणं म्हटलं नाही. कोणी उठलं नाही. कोणाचं तरी अर्पणातलं कोंबडं अधूनमधून बोलायचं, तेवढाच आवाज. भागाबाई सतरंजीवर पदर डोक्यावर घेऊन बसली होती, तिची नजर दाराकडे लागलेली. खिडकीतलं ऊन सरकत सरकत माझ्यापर्यंत आलं. इतक्या भरलेल्या घरात इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. मला भीती वाटली आणि बरंही वाटलं. आपण फार मोठ्या कोणापुढे ठेवलेलो आहोत, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

तिकडे काय झालं ते सुलक्षणाच्या तोंडून मला मागाहून कळलं. प्रेमराजनं भावाच्या ओट्यावर बसून एवढंच म्हटलं, "तुना मनमा ह्या भाऊबद्दल काय शे ते सांग. मी ऐकाले येल शे." अभिमन बोलत राहिला, आणि थोरला मधे एक शब्द न बोलता ऐकत राहिला.

शेवटी दोघं आले. अभिमन शेतातल्याच कपड्यांत, पायाला चिखल. उंबऱ्यापर्यंत आला आणि मी दिसताच थबकला. त्याचा चेहरा पार उतरला.

"भाऊ, एक सांगानं राही गयं," तो म्हणाला. "मुसळी मनाकडे नही. त्याच हिवाळामा रागमा मी ती बंबमा घाली दिधी. तू मुसळी मांगशी तं काय सांगू, म्हनीसन मी आठे येत नव्हतू."

अंघोळीच्या पाण्याच्या बंबात! माझी सख्खी बहीण. तिची वाट बघत मी इतके हिवाळे खाटेखाली काढले, आणि ती पहिल्याच हिवाळ्यात राख झाली होती. मला इतका संताप आला, की हात असते तर मी वांगी भिरकावली असती. मला वाटलं, आता भांडण परत पेटणार.

प्रेमराज पुढं आला. मला उचललं, दारापर्यंत नेलं आणि माझा एक काठ अभिमनच्या हातात दिला. म्हणाला, "धर. जड शे, माले एकटाले झेपत नही." खोटं बोलत होता. सकाळी त्यानंच मला खांद्यावर आणलं होतं. दोघांनी मला दोन बाजूंनी धरून वेदीपाशी नेलं आणि परत ठेवलं. अभिमनचे डोळे वाहत होते, एक थेंब माझ्या काठावर पडला. खरं सांगते, माझा राग कुठं गेला ते मलाच समजलं नाही.

लोकांनी तीच वांगी जाळावर घातली. ठेचायला काही नव्हतं, तेव्हा अभिमननं बाह्या सारल्या आणि माझ्या पोटात हातानंच वांगी कुस्करायला बसला. सुलक्षणा म्हणाली, "भाऊजी, हात भाजतीन." त्यानं ऐकलं नाही. मग प्रेमराजही समोर बसला. पंगत बसली, दोघांच्या मध्ये माय. सगळे भागाबाईकडे बघत होते. तिनं घास घेतला, हळूहळू चावला.

"मीठ कमी शे," ती म्हणाली, आणि ताट पुढं केलं.

आता अभिमननं बाभळीची नवी मुसळी केली आहे. तिचा घाव मला अजून परका वाटतो, पण होईल सवय. लाकडाच्या वस्तूंना जपा, मित्रांनो, रागाच्या भरात कोणाला बंबात घालू नका. आणि तुमच्या भावाच्या, बहिणीच्या, मैत्रिणीच्या मनात तुमच्याविषयी काही आहे असं वाटलं, तर हातातलं काम तिथंच ठेवा आणि विचारायला जा. प्रार्थना अर्धी राहील, देव रागावेल, अशी भीती बाळगू नका. तुम्ही परत येईपर्यंत देव थांबतो. मी त्याच्या पुढ्यातच होते, मी पाहिलं आहे.