भुरीचं नाव पुसलेला फळा

मी एक जुना फळा आहे. एका गोठ्याच्या दाराशी दोन खिळ्यांना टांगलेला. माझा उजवा कोपरा एका गाईने चाटून चाटून पांढरट केला आहे. तेवढा सोडला तर अजून काळाभोर आहे. मित्रांनो, फळ्याला तोंड नसते. त्याच्यावर कोणी लिहील तेवढेच त्याचे बोलणे. हे मला समजायला उभा जन्म गेला, आणि समजले तेव्हा माझ्यासमोर एक घर मोडत होते.

मला एका सुताराने तीन फळ्या जोडून बनवले. काळा रंग दिला तो दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका तरुणाने. त्याला सगळे पेंटरच म्हणत. पहिला हात पुरता वाळल्याशिवाय तो दुसरा देत नसे. पुढे पंचवीस वर्षे मी शाळेत काढली. पाढे, नकाशे, दंगा करणाऱ्यांची नावे, सगळे अंगावर वागवले. मग वर्गात गुळगुळीत पांढरा फळा आला आणि माझी रवानगी मोडक्या बाकांच्या खोलीत झाली. वाळवी माझ्यापर्यंत पोहोचायच्या आत पेंटर शाळेची पाटी रंगवायला आला. त्याने मला ओळखले, सायकलला बांधले आणि घरी आणले.

तोवर त्याचेही दिवस फिरले होते. पाट्या यंत्रावर छापून मिळू लागल्या होत्या आणि त्याचा हात थरथरू लागला होता. थोरला भाऊ वारला होता. मागे सात गाई, एक मुलगी आणि हा गोठा भावजय एकटी सांभाळत होती. सारे तिला वहिनी म्हणत, म्हणून मीही म्हणतो. पेंटर शेण काढी, वैरण कापी आणि दोन वेळा जेवून गप्प राही.

वहिनीला मी फार आवडलो. तिचा नियम एकच होता: डोक्यावर भरवसा ठेवायचा नाही, फळ्यावर ठेवायचा. कोणती गाय कधी विणार, कोणाला औषध चालू आहे, सगळे ती माझ्या वरच्या अर्ध्या भागावर लिही. औषध चाललेल्या गाईचे दूध कॅनमध्ये घालायचे नसते. ते माणसांच्या पोटात जाता कामा नये. म्हणून तिचे नाव लिहून पुढे ‘दूध वेगळं’ असे लिहायचे. धार काढायला बसण्याआधी जो असेल त्याने फळा वाचायचा. फळ्यावर नाही, म्हणजे नाही.

खालचा अर्धा भाग पेंटरचा. दुपारी गाई रवंथ करत बसल्या आणि वहिनी वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवू लागली, की तो रंगीत खडूंनी गाईंची चित्रे काढी. त्या वेळी त्याचा हात थरथरत नसे. त्याची तक्रार एकच. वहिनीचे अक्षर बघून तो म्हणायचा, कोंबडी खडूच्या पावडरीत पाय बुडवून नाचली वाटते. वहिनी म्हणायची, गाईंची काही तक्रार नाही ना, मग झालं.

एकदा भुरी गाईची कास सुजली. जनावरांच्या डॉक्टरांनी सडात औषध सोडले आणि चार दिवस दूध वेगळे काढायला सांगितले. वहिनीने तसे लिहिले. दुसऱ्या दिवशी तिचे मनगट इतके दुखू लागले की फोटो काढायला तिला दवाखान्यात जावे लागले. त्याच दुपारी तिची मुलगी वसतिगृहातून सुटीला आली होती. संध्याकाळची धार तिच्यावर सोपवून वहिनी निघाली. जाताना एवढेच म्हणाली, फळा बघ.

ती गेली आणि पेंटर भुरीचे चित्र काढायला बसला. चित्र असे उतरले की त्या चित्रावरची वहिनीची वेडीवाकडी ओळ त्याला बघवेना. त्याने ती पुसली. वाईट हेतू मुळीच नव्हता. तेच शब्द त्याला पाटीवरच्यासारख्या सुबक अक्षरांत लिहायचे होते. खडू उचलला, तेवढ्यात वैरणीचा ट्रॅक्टर दारात आला. पेंढ्या उतरवता उतरवता त्याची पाठ धरली आणि तो घरात जाऊन आडवा झाला. ओळ लिहायची राहिली ती राहिलीच.

संध्याकाळी मुलीने मला नीट वाचले. वर भुरीचे नाव कुठेच नव्हते. खालचे चित्र बघून ती हसली. भुरीला म्हणाली, “फोटो झकास आलाय तुझा.” मग तिची धार काढून दूध कॅनमध्ये ओतले. मित्रांनो, मी हातभर अंतरावर होतो. मला सगळे माहीत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दूध संकलन केंद्रावरचा माणूस दारात आला तो आत यायलाच तयार होईना. मोठ्या टाकीतल्या दुधात औषध सापडले होते. गावाचे सगळे दूध ओतून द्यावे लागले होते. प्रत्येक घरच्या दुधाची बाटली तिथे बाजूला ठेवलेली असते, त्यावरून घर कळले. तो खाली मान घालून म्हणाला, “वहिनी, तुमच्या कॅनला मी कधी औषध तपासायची पट्टी लावून बघितलं नाही. लाज वाटायची.” तीस दिवस या घरचे दूध बंद झाले. शेजारी आधी ताकाला येत, ते आता समोरून गेले तरी बघत नसत. त्यांचेही दूध गटारात गेले होते.

माय-लेकींचे भांडण माझ्यासमोरच झाले.

“एवढं साधं वाचता येत नाही? मग शिकतेस कशाला?”

“तिथे काही नव्हतंच, आई. तू लिहायला विसरलीस, एवढं कबूल कर.”

“मी? अकरा वर्षांत एकदा तरी विसरले का? मग पुसलं कोणी, तूच ना?”

दोघीही आपापल्या परीने खरे बोलत होत्या. खोटे कोणीच बोलत नव्हते, फक्त एक जण गप्प होता. पेंटर कोपऱ्यात खराट्याला टेकून उभा होता. या घराबाहेर त्याला जागा नव्हती. मुलीने त्याच्याकडे बघून विचारले, काका, तुम्ही तरी सांगा. तो म्हणाला, माझं लक्ष नव्हतं. तिने त्याच दिवशी पिशवी भरली आणि गेली.

गाईला बंदी कळत नाही. सकाळ-संध्याकाळ पान्हा येई, धार काढावीच लागे, आणि सुजल्या मनगटाने काढलेले ते दूध वहिनी उकिरड्याजवळ ओती. मांजरालासुद्धा त्याचा कंटाळा आला. शब्दकोडी कोरी पडून राहिली. नवव्या दिवशी व्यापारी आला आणि तीन गाई घेऊन गेला. त्यात भुरी होती. दारातून जाताना तिने सवयीने माझा कोपरा चाटला.

ती दिसेनाशी झाली तसा पेंटर उठला. खडूच्या पावडरीत बुडवलेला दोरा माझ्यावर ताणून त्याने सरळ रेघ उमटवली. हात थरथरत होता, म्हणून डाव्याने उजवा धरला, आणि वरच्या भागात, वहिनीच्या जागेवर, लिहिले: भुरीचं नाव मी पुसलं. पोरीने नाही.

वहिनी बादली घेऊन आली. वाचले. बादली खाली ठेवली.

तो म्हणाला, “चांगल्या अक्षरात लिहायचं होतं, वहिनी.”

“आता लिहिलंत की, भाऊजी.”

त्याला तिने घालवले नाही. मुलीला फोन करून सगळे सांगितले. पलीकडून फक्त ‘बरं’ ऐकू आले.

आता केंद्र पुन्हा दूध घेते, आधी पट्टी लावून. गोठ्यात चार गाई आहेत. पेंटर चित्रे काढत नाही, पण फळा पुसण्याचे काम त्याच्याकडेच आहे. ओल्या फडक्याने हात लावण्याआधी तो मोठ्याने विचारतो, पुसू का? आतून ‘पुसा’ आल्याशिवाय तो पुसत नाही. त्या एका ओळीपाशी आला की त्याचा आवाज खाली जातो.

“वहिनी, हे पुसू का?”

“तिला वाचू दे आधी.”

मुलगी अजून आलेली नाही. दमट हवेत खडूची धार विरते. ‘पोरीने’ मधली मात्रा आता जेमतेम दिसते आहे. मित्रांनो, तुमच्या हातून कधी दुसऱ्याचे लिहिलेले पुसले गेले, तर त्याच दिवशी सांगा. माझ्यासारख्याला तोंड नसते, पण तुम्हाला आहे.