ऑर्विलच्या ओटांवरचा ओळंबा

लव्होन गेल्याची बातमी कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातल्या त्या गावात दुपारी पसरली आणि दुसऱ्या सकाळी तिच्या नवऱ्याच्या, ऑर्विल हेगस्टाडच्या शेतात चार कापणीयंत्रं उतरली. कुणाच्या घरी माणूस गेलं की उभं पीक गावानं काढून द्यायचं, ही तिथली रीत. ऑर्विल टोपी हातात धरून बघत राहिला. संध्याकाळपर्यंत ओटांचं सगळं पीक कोठारात पडलं.

ते ओट त्याने मुलीसाठी पेरले होते. मारेनला आईचाच आजार. गहू, जव, राय यांतलं कुठलंही धान्य पोटात गेलं की आतडी सोलवटून निघत; निर्भेळ ओट तेवढे चालत. लव्होनचं निदान फार उशिरा झालं. म्हणून ओटांसाठी तो जुनं यंत्र वेगळं राखायचा, त्याला गव्हाचा दाणा शिवू द्यायचा नाही. शेजाऱ्यांची यंत्रं मात्र गव्हाच्या शेतातून थेट आली होती. पण रडत मदतीला आलेल्याला "यंत्र साफ केलंस का?" असं कसं विचारायचं?

अंत्यविधीची प्रार्थना झाल्यावर चर्चच्या तळघरात जेवण होतं. तिथे चर्चमधल्या ब्रदर लायलने दोऱ्याला बांधलेला ओळंबा काढला. मारेनला विषारी ठरणाऱ्या धान्यावर तो आडवा झुलतो, निर्मळ धान्यावर गोल फिरतो म्हणे. वाडग्यातल्या गव्हावर आडवा. तांदळावर गोल. बायकांनी तोंडावर हात ठेवले. मग कोठारातून आणलेल्या ओटांवर धरला. गोल!

"लव्होन वरून राखण करतेय!" लायल गरजला. टाळ्या पडल्या.

कापणीला यंत्र घेऊन आलेल्या शेजारच्या क्लेटनच्या बायकोने तेच ओट सोलून लापशी करून आणली होती. वाडगा मारेनपुढे आला.

"खाऊ दे की पोरीला," क्लेटन म्हणाला. "का आमच्या हातचं चालत नाही तुला?"

सगळे ऑर्विलकडे बघू लागले.

मारेनने चमचा उचलला नाही. "ब्रदर, डोळे बांधून करा ना."

"पोरी, देवाची परीक्षा घेऊ नये."

"देवाची कुठे? तुमची घेतेय."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. आता लायललाही सुटका नव्हती. मारेनने त्याच्या डोळ्यांवर आपला रुमाल बांधला, वाडग्यांच्या जागा बदलल्या. ओळंबा गव्हावर गोल गोल फिरला, तांदळावर आडवा झुलला.

"कुजबुजू नका! शक्ती विचलित होते!"

"शक्ती नाही, बोटं," मारेन म्हणाली. "डोळ्यांना गहू दिसला की ती नकळत तशी हलतात. दोरा त्यांच्या मागे जातो."

तेव्हा ऑर्विल उठला. त्याने कच्चे ओट पांढऱ्या टेबलक्लॉथवर ओतले, पसरले. लांबट ओटांत गव्हाचे टपोरे दाणे दिसत होते. तो नखाने एकेक बाजूला करत गेला.

"वेचले तरी भुकटी राहतेच," तो म्हणाला. "धान्य कुठल्या यंत्रातून आलं, कुठल्या पोत्यात होतं, तपासून घेतलं का, हे विचारा. दोऱ्याला नका विचारू. आणि विचारलं म्हणून कुणी रागावू नका."

"पण गहू आला कुठून रे यात?" क्लेटनने विचारलं.

ऑर्विलने मुलीपुढची लापशी उचलली आणि बाजूला ठेवली.

मारेनला न चालणाऱ्या त्या ओटांनी कोठार अजून भरलेलंच आहे. 'तुमच्याच यंत्रांतून' हे उत्तर क्लेटनला द्यायचं राहिलंय.