चादरींची इमारत आणि मी

मी एक जुनी तार आहे. वीज वाहणारी नव्हे बरं का, तो रुबाब माझ्याकडे कुठला! मी आपली कपडे वाळत घालायची तार. जुनी माणसं मला वलणी म्हणतात. घरांच्या एका रांगेमागे सामाईक अंगण आहे, तिथे दोन लोखंडी खांबांना मी बांधलेली आहे. मित्रांनो, माझा सारा जन्म एका जागी गेला, तरी माणसांनी मला इतकं दिलं की ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कारखान्यात एका जाड सळईला बारीक बारीक छिद्रांतून ओढलं, तेव्हा मी झाले. मग दुकानातल्या खुंटीवर वेटोळं होऊन पडून राहिले. एके दिवशी या रांगेत राहणारे शिंपीकाका आले आणि त्यांनी मला घेतलं. "ताणून बांधतो हिला, म्हणजे चादरी जमिनीला टेकणार नाहीत," ते म्हणाले. आजवर एकही टेकली नाही, हे मी अभिमानाने सांगते.

माझ्यावर सगळ्यांचे कपडे वाळले. बाळांची दुपटी वाळली, ती बाळं मोठी झाल्यावर त्यांच्या शाळेचे गणवेश वाळले. पण माझ्यावर खरा संसार चालला तो मावशीचा. मावशी लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून देते. नवरा गेल्यावर तिने या धंद्यावर घर सावरलं आणि सूनबाईलाही हाताशी घेतलं. अंगणात एक रीत होती. सकाळी जो पहिला येईल त्याने ओल्या फडक्याने मला या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसायचं, मगच कपडा टाकायचा. पहिली बहुधा मावशीच असे. तिच्या हाताचं ते पुसणं म्हणजे आईने सकाळी लेकराचं तोंड धुवावं तसं मला वाटायचं.

मग एक बातमी आली. अंगणाच्या पश्चिमेला मोकळी जागा होती, तिथे कचेऱ्यांची उंच इमारत होणार होती. अंगणात सगळे जमले. कुणाला गाड्यांची काळजी, कुणाला खिडक्यांची. "आता काय, पडदे लावूनच बसायचं का घरात?" सूनबाई म्हणाली. मावशी मात्र आकाशाकडे बघत होती.

"दुपारनंतरचं ऊन त्या बाजूनेच येतं रे बाबांनो," ती शेवटी म्हणाली. "ते गेलं तर माझे कपडे वाळायचे कसे? कुबट वासाचे कपडे कोण घेईल? मला बस्तानच हलवावं लागेल."

हे ऐकून माझा जीव खालीवर झाला. मावशी गेली तर मी कुणाची?

इमारतीचा नकाशा काढणाऱ्या साहेबांना नुसतं सांगून पटेना. मग तिची सावली किती पडेल ते दाखवायची शिंपीकाकांना युक्ती सुचली. घराघरांतून जुन्या चादरी गोळा करून त्यांनी एक भलामोठा पडदा शिवला आणि अंगणाच्या पश्चिमेच्या कडेला उंच बांबूंवर चढवला. "इमारत लांब आहे, पण उंच आहे. हा बुटका आहे, पण जवळ आहे. सावली सारखीच," असा काकांचा हिशोब. पोपटांची चादर, फुलांची चादर, मधोमध ठिगळ लावलेली चादर. सगळ्या माझ्याच ओळखीच्या! त्या दिवशी त्यांची इमारत झाली आणि तिच्याकडे बघून मला हसू आवरेना.

साहेब आले, पण भलत्याच वेळी. सगळ्यांना पुढे कामावर जायचं होतं, म्हणून त्यांना सकाळीच बोलावलेलं. आणि सकाळी सूर्य पूर्वेला!

साहेब हसून म्हणाले, "अहो, सावली तर माझ्याच जागेवर पडतेय. मग तक्रार कुणाची?"

सगळ्यांचे चेहरे पडले. इतक्या उत्साहात एवढी साधी गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती. काका चष्मा पुसत राहिले. "दुपारी याल का परत?" त्यांनी विचारलं. "दुपारी मला दुसरीकडे काम आहे," असं म्हणून साहेब वळले आणि निळीची बादली घेऊन लगबगीने येणाऱ्या मावशीवर आदळले. पांढऱ्या शर्टाचं आकाश झालं.

"अगं बाई!" मावशी ओरडली. "काढा, काढा तो शर्ट. असं कसं जाऊ देईन मी तुम्हाला?"

"राहू द्या हो मावशी, घरी धुतील."

"घरी जाईपर्यंत डाग बसेल. काढा म्हणते ना!"

साहेबांना काढावा लागला. काकांचा ढगळ सदरा अंगात घालून ते ओट्यावर बसले आणि दुपारच्या कामाला उशीर होईल म्हणून फोन करत राहिले. मावशीने शर्ट दोनदा धुतला, तेव्हा कुठे नीळ गेली. मग तिने तो माझ्या पश्चिमेच्या टोकाला घातला, कारण एरवी तिथे ऊन सगळ्यात जास्त वेळ टिकतं. थंडीचे दिवस होते. शिंपीकाकांच्या घरी काकूंनी साहेबांना आग्रहाने जेवायला बसवलं. जेवण झालं, गप्पा झाल्या, आणि साहेब शर्ट घ्यायला आले.

"अजून ओलाच?"

साहेबांनी वर बघितलं. सूर्य पडद्यामागे गेला होता आणि पोपटांच्या चादरीची सावली बरोबर त्यांच्या शर्टावर पडली होती. त्यांनी शर्ट पुन्हा चाचपून बघितला. मग मोठ्याने हसले. "माझाच शर्ट वाळू देत नाही की ही इमारत!" ते म्हणाले.

त्यांनी तो दमट शर्टच अंगात घातला. खांद्यावर गंजाची तांबूस रेघ उमटली होती. चादरींच्या गडबडीत त्या दिवशी मला पुसायचं सगळेच विसरले होते. मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आज तार पुसायचीच राहिली. हा डाग काही निघायचा नाही," ती रडवेली होऊन म्हणाली. "असू द्या, आठवण राहील," साहेब म्हणाले.

आणि राहिली. नवा नकाशा घेऊन ते आले, तेव्हा तोच शर्ट घालून आले. इमारतीचा उंच भाग त्यांनी रस्त्याकडे सरकवला होता, अंगणाच्या बाजूला बुटका ठेवला होता. आता इमारत उभी आहे. संध्याकाळचं थोडं ऊन गेलं, नाही असं नाही. गाड्यांचा त्रासही आहे. पण दुपारचं ऊन माझ्यावर पडतं, कपडे वाळतात, मावशी इथेच आहे. आणखी काय हवं?

मित्रांनो, मी आता जागोजागी गंजले आहे. एक दिवस माझ्या जागी नवी तार येईल, त्याचं दुःख नाही. एवढंच मागणं आहे, की कुणाच्या शेजारी काही नवं उभं कराल, तेव्हा आधी आपला एखादा कपडा त्याच्या अंगणात वाळत घालून बघा.

इमारतीतल्या कचेऱ्या सुरू झाल्या त्या सकाळी साहेब अंगणात आले होते. मावशी अजून उठायची होती. त्यांनी इकडे तिकडे बघितलं, खिशातला रुमाल नळाखाली भिजवला आणि मला या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून काढलं.